दोरीची परीक्षा

पेट्रोलवर चालणारा चेनसॉ सुरू करायचा तर दोरी ओढावी लागते. दोरी ओढली की इंजिनाचा दांडा फिरतो, सिलिंडरातला पिस्टन वर सरकतो आणि आत आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते. हाताला जो अडथळा जाणवतो तो मुख्यतः या दाबाचा. तेवढा अडथळा पार करूनही भागत नाही. ठिणगी पडायची तर चाकातले चुंबक कॉइलसमोरून पुरेशा वेगाने जायला हवे, म्हणून दोरी नुसती ओढून चालत नाही, ती हिसकावी लागते. सावकाश, नेटाने ओढणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. संधिवाताने आखडलेली बोटे, पक्षाघातातून सावरणारा हात, खांद्यातला फाटलेला स्नायुबंध किंवा साधे सत्तरीचे वय, यांपैकी काहीही असले तरी माणूस इथेच अडतो. ओंडका कुठून कापायचा, लाकूड कोणत्या बाजूने ताणलेले आहे, पाते कुठे अडकेल हे सगळे तो पक्के जाणत असेल. पण ते ज्ञान कामी येण्याआधीच दोरी त्याला बाद करते. कमी ताकदीच्या माणसाने सहज सुरू होणारा चेनसॉ कसा निवडावा, हा प्रश्न त्यामुळे दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो आणि तो तसा आहेही. पण एखादे कर्म करायला कोण समर्थ आणि हे ठरवायचे कशावरून, हा फार जुना तात्त्विक प्रश्नही त्यात आहे. ते ठरवण्याचा मान एका दोरीला का द्यावा?

ज्यांना ही अडचण कल्पनेतली वाटते त्यांनी कोकणाकडे पाहावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले. माड, पोफळी, आंबे, फणस मुळासकट आडवे झाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत गुजरातेकडे गेले आणि जाता जाता कोकणातल्या बागांना पुन्हा तडाखा देऊन गेले. रस्त्यांवरची झाडे आपत्ती निवारणाच्या पथकांनी आणि गावोगावच्या तरुणांनी बाजूला केली. परसातली, आगरातली, गोठ्याच्या कौलांवर पडलेली झाडे मात्र ज्याची त्याने बघायची होती, आणि कोकणातल्या कित्येक घरांत बघणारे म्हणजे म्हातारे आईवडील, कारण पुढची पिढी चाकरमानी. कोयत्याने झावळ्या नि फांद्या साफ होतात. माडाचे खोड कोयत्याला दाद देत नाही. दोघांनी ओढायची करवत घरात असली तरी दुसरा माणूस नसतो. अशा घराला चेनसॉ ही हौस नसते, दारातून बाहेर पडायची सोय असते. आणि अशा घरातच ती दोरी न ओढवणारी माणसे राहतात.

कर्माला लायक कोण, याचा सर्वांत बारकाईने खल आपल्या परंपरेत पूर्वमीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या विचारवंतांनी, केला. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे आणि शबराच्या भाष्यात त्यावरचे वाद विस्ताराने येतात. यज्ञ कोणी करावा? ज्याला फळाची इच्छा आहे, विधी कसा करायचा हे ज्याला कळते आणि जो तो पार पाडू शकतो त्याने. पशूंनाही सुखाची इच्छा असते, मग त्यांना अधिकार का नाही, असा प्रश्नसुद्धा तिथे गंभीरपणे विचारला आहे, आणि सांगोपांग विधी त्यांच्याच्याने होणार नाही, असे त्याचे उत्तर आहे. मग निर्धनाचे काय? यज्ञाला तर द्रव्य लागते. यावर मीमांसकांचा निर्णय मोठा मार्मिक आहे. द्रव्य माणसाच्या जन्माला चिकटलेले नसते. आज नसले तर उद्या मिळवता येते. तेव्हा निर्धनता हे अपात्रतेचे कारण होऊ शकत नाही. शरीराच्या व्यंगालाही त्यांनी हीच कसोटी लावली. बरे होण्याजोगे व्यंग असेल तर तो माणूस निर्धनासारखाच, त्याचा अधिकार शाबूत. व्यंग कायमचे असेल तर मात्र अधिकार नाही, कारण दृष्टी नसलेल्याला तूप निरखण्याचा विधी साधत नाही आणि पायाने अधू असलेल्याला यज्ञातली विष्णुक्रमाची पावले टाकता येत नाहीत.

निष्कर्ष कठोर आहे आणि तो आज कोणी मानावा असे मी म्हणणार नाही. पण त्यामागची रीत पाहण्यासारखी आहे. मीमांसकांनी असामर्थ्याचे दोन भाग केले: जे मिळवून भरून काढता येते ते आणि जे येत नाही ते. ही विभागणी एकदा मान्य केली की पुढचा प्रश्न त्यांच्याच तर्काने त्यांना विचारता येतो. खांदा कायमचा अधू असेल, पण खांद्याने जे साधायचे होते ते दुसऱ्या मार्गाने मिळवता येत असेल तर त्या माणसाची गणना कशात करायची? दोरीच्या चकतीत बसवलेली एक स्प्रिंग, किंवा दोरीच नको करणारी बॅटरी, ही तर द्रव्यासारखी मिळवता येणारी गोष्ट आहे. खांद्याचे व्यंग कायमचे आहे, इंजिन सुरू न करता येणे मात्र कायमचे नाही. तूप निरखणे हा विधीचाच भाग असल्याने त्याला पर्याय नाही असे मीमांसक म्हणू शकत होते. दोरी हिसकणे हा लाकूड कापण्याचा भाग आहे, असे कोणालाच म्हणता येणार नाही. तो इंजिनाच्या रचनेतून पडलेला कर आहे.

जैमिनीच्या याच अध्यायात एक दुसरी गोष्टही आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्त्रियांना अधिकार नाही हे ऐतिशायनाचे मत जैमिनी खोडून काढतो. रथकाराला, म्हणजे लाकडावर पोट असलेल्याला, अग्नी स्थापन करण्याची मोकळीक स्पष्ट वचनाच्या आधारे मिळते. पण शूद्रापुढे दार बंद होते. सर्वांना अधिकार असावा असे म्हणणाऱ्या बादरीचे मत पूर्वपक्ष म्हणून नोंदवले जाते आणि बाजूला सारले जाते. कारण काय, तर वेदाध्ययन नाही म्हणून ज्ञान नाही. अध्ययनाची बंदी कोणी घातली हे विचारायचे नाही, बंदीने आलेले अज्ञान मात्र त्या माणसाच्या खात्यावर मांडायचे. दोरीची आणि या अन्यायाची बरोबरी करणे म्हणजे त्या अन्यायाची थट्टा ठरेल. तरीही विचारातली चूक दोन्हीकडे एकाच घराण्यातली आहे. व्यवस्था आधी एका प्रकारच्या माणसासाठी घडवायची आणि मग जो तीत बसत नाही त्याला असमर्थ म्हणायचे. धडधाकट तरुण पुरुषाचा खांदा गृहीत धरून दोरी घडवली. बाकीचे सगळे त्या गृहीतकामुळे दुबळे ठरले.

सामर्थ्य एकट्या शरीरात राहत नाही, हे चेनसॉच्या स्वतःच्या इतिहासावरूनही दिसते. 1920 च्या दशकात जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी बनवलेली सुरुवातीची यंत्रे इतकी अवजड होती की ती उचलायला दोन माणसे लागत. याच कंपनीचा एकट्याने चालवण्याचा पेट्रोल चेनसॉ 1950 मध्ये आला तेव्हाही त्याचे वजन 16 किलोच्या आसपास होते. आज घरगुती वापराचा लहान पेट्रोल चेनसॉ पाते वगळून चार-पाच किलोंत मिळतो. 1950 च्या मापाने आजचे बहुतेक धट्टेकट्टे वापरकर्ते नापास होतील, आणि तरीही पाच किलोंचे मशीन उचलणाऱ्याला कोणी सवलत घेतली असे म्हणत नाही. हलक्या धातूंची सवलत, कंपन शोषणाऱ्या मुठींची सवलत, आपोआप तेल सोडणाऱ्या पंपाची सवलत सगळ्यांनी निमूट घेतली. स्प्रिंगची सवलत तेवढी 'म्हाताऱ्यांची' ठरते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत कर्ता एक आणि साधने वेगळी मोजली आहेत. कर्त्याच्या दंडातच सगळे कारण शोधायची सवय त्या विश्लेषणाला धरून नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा येतो, आणि तो बहुधा काळजीपोटीच घेतला जातो, की चेनसॉ हे जीवघेणे हत्यार आहे. ज्याला दोरीसुद्धा ओढवत नाही त्याच्या हातात ते जाऊ नये. दोरी ही नकळत ठेवलेली राखण आहे. आक्षेप ऐकायला पटतो, पण धोका नेमका कुठे आहे हे पाहिले की ढिला पडतो. चेनसॉचा सर्वांत कुप्रसिद्ध अपघात म्हणजे पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागून पाते उसळून माणसाकडे येणे. ही उसळी क्षणाच्या इतक्या लहान भागात येते की पैलवानालाही ती पाहून आवरता येत नाही. म्हणून तर साखळी थांबवणारा ब्रेक बसवावा लागला आणि कमी उसळणाऱ्या साखळ्या काढाव्या लागल्या. त्या क्षणी उपयोगी पडते ते पात्याचे टोक कुठे आहे याचे भान, दोन्ही हातांची अंगठा वळवून घेतलेली पकड आणि पात्याच्या रेषेबाहेर ठेवलेले डोके. यांतले काहीही दोरी तपासत नाही. विशीतला, कधी मशीन न धरलेला, चपला घालून आलेला मुलगा दोरीच्या परीक्षेत पहिला येईल. उलट दोरी स्वतःच धोका निर्माण करते. जमिनीवर मशीन टेकवून, मागच्या मुठीत पाऊल रोवून, ब्रेक लावून ती ओढायची असते. आठ-दहा हिसके वाया गेले की दमलेला माणूस मशीन एका हातात लोंबकळत धरून खाली झटकतो आणि दुसऱ्या हाताने दोरी खेचतो. असे करू नका, हे उत्पादक मार्गदर्शक पुस्तिकांतून बजावत आले आहेत. राखण म्हणून ठेवलेली दोरी चोराला आत घेते आणि घरधन्याला उंबऱ्यावर पाडते.

पण हा आक्षेप खोडून काढला म्हणजे आपण मोकळे झालो असे नाही. दोरी चुकीची परीक्षा होती, एवढेच सिद्ध झाले. परीक्षा नकोच, हे सिद्ध झालेले नाही. इथे पुन्हा जैमिनीचा सहावा अध्याय उपयोगी पडतो. नित्य कर्मे, म्हणजे जी टाळता येत नाहीत ती, सर्व अंगे साधली नाहीत तरी जमतील तेवढ्या अंगांनिशी केली तरी चालतात, असा तिथला निर्णय आहे. पूजेच्या संकल्पात आपण जे 'यथाशक्ती' म्हणतो त्याच्या पाठीशी हाच विचार उभा आहे. काम्य कर्माला मात्र ही सूट नाही. विशिष्ट फळ हवे तर प्रत्येक अंग पुरे झाले पाहिजे. हा भेद चेनसॉला लावताना एक सोपी चूक होते: दारातले झाड हटवणे गरजेचे आहे, म्हणून सगळेच यथाशक्ती चालेल, असे मानले जाते. गरज झाड हटवण्याची आहे. चेनसॉने ते हटवणे ही आपण केलेली निवड आहे आणि त्या निवडीच्या अटी पुऱ्या कराव्याच लागतात. सुरू करण्याच्या रीतीत सूट घ्यावी, कितीही घ्यावी. ब्रेक, दोन्ही हात, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर संरक्षण, पायांत बूट आणि साखळी अडवणारे वस्त्र, हाकेच्या अंतरावर दुसरे माणूस, यांत वयाची किंवा आजाराची सूट नाही. ज्याला मशीन खांद्याच्या खाली, दोन्ही हातांनी, एक काप पुरा होईपर्यंत स्थिर धरवत नाही त्याने ते सुरू करता येते म्हणून सुरू करू नये. हात थरथरत असेल, अचानक भोवळ येत असेल, तर बॅटरीचे बटण कितीही हलके असले तरी दाबू नये.

मग निवड कशी करायची? अमुकच मॉडेल घ्या असे सांगून हे उत्तर देता येत नाही, कारण ताकद कमी होणे ही एकच गोष्ट नसते. दोरीला खांदा आणि कोपर लागते, पकडीला बोटे, धरून ठेवायला मनगट नि पाठ, जमिनीवर टेकवून सुरू करायला गुडघे. ज्याचा खांदाच तेवढा गेला आहे त्याला स्प्रिंगचे पेट्रोल मशीन पुरते. त्यात दोरी आणि इंजिनाचा दांडा यांच्या मधे एक स्प्रिंग असते. हळू ओढले तरी स्प्रिंग गुंडाळत जाते आणि पिस्टनचा दाब ओलांडण्याइतकी शक्ती साठली की एकदम सुटून दांडा वेगाने फिरवते. वेगाची अट अशी माणसाकडून काढून स्प्रिंगवर टाकलेली असते. मोठ्या इंजिनांवर दाब कमी करणारी एक झडप असते. ती आधी दाबली की सिलिंडरातला थोडा दाब बाहेर जातो आणि दोरी हलकी होते, पण ती आठवणीने दाबावी लागते आणि हिसका द्यावा लागतोच. बॅटरीच्या चेनसॉला दोरी नाही, म्हणून तोच सर्वांत सोपा, असे सहसा सांगितले जाते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. धूर नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही, दोन कापांच्या मधे मशीन गप्प राहते आणि दर वेळी पुन्हा सुरू करण्याची धास्ती नसते. पण त्याची मूठ नीट पाहावी. चुकून सुरू होऊ नये म्हणून अंगठ्याने एक बटण दाबून ठेवत बोटाने घोडा दाबावा लागतो, आणि ज्याचा अंगठ्याचा सांधाच सुजलेला आहे त्याला दोरीपेक्षा हेच कठीण जाते. बॅटरी काढायची खिटी, साखळी ताणायची चकती, तेलाच्या टाकीचे झाकण, ब्रेकची पट्टी, ही सगळी त्याच बोटांची कामे. आणि वजन वाचताना जाहिरातीत बॅटरी धरली आहे की नाही, पाते-साखळी धरली आहे की नाही, हे विचारावे. बरेचदा धरलेली नसते. मनगटाइतक्या जाडीच्या फांद्यांपलीकडे काम नसेल तर दहा-पंधरा सेंटिमीटर पात्याचे छोटे बॅटरी मशीन पुष्कळ झाले, आणि ज्याला मोठे मशीन पेलत नाही त्याने कामच लहान करून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

कोकणाच्या उदाहरणात मात्र बॅटरीची एक अडचण आडवी येते. वादळात झाडे पडतात तेव्हाच खांबही पडतात. निसर्गनंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. दोन भरलेल्या बॅटऱ्यांवर पायवाट मोकळी होईल, बाग नाही. त्यातून माडाच्या चिवट, धाग्याधाग्यांच्या खोडात साखळी लवकर बोथट होते आणि बोथट साखळी बॅटरी खाते. विजेच्या वायरीवर चालणाऱ्या मशीनचा तर प्रश्नच येत नाही. अशा ठिकाणी स्प्रिंगचे पेट्रोल मशीन अधिक भरवशाचे, पण ते वर्षभर अडगळीत पडून वादळाच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हावे अशी अपेक्षा असेल तर महिनोन्महिने टाकीत राहिलेले शिळे मिश्रण आधी काढून टाकावे लागेल. 'दोरी फार जड झाली' अशी तक्रार होते तेव्हा दोष बरेचदा दंडाचा नसतो. शिळे पेट्रोल, काजळलेला प्लग किंवा चोक जास्त वेळ लावून इंजिनात भरलेले इंधन, यांमुळे पहिल्या तीन हिसक्यांत व्हायचे काम तिसाव्यालाही होत नाही. म्हातारपणाच्या नावावर आपण यंत्राची किती दुखणी खपवतो, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दुसरा आक्षेप श्रमाच्या बाजूने येतो. कष्टाने माणूस घडतो, सोयीने सैल पडतो. आज दोरी नको, उद्या करवत नको, परवा हातच नकोत. गांधी आणि विनोबांना मानणाऱ्या वाचकाला हे म्हणणे जवळचे वाटेल. पण गांधींनी यंत्राच्या वेडाला विरोध केला, प्रत्येक यंत्राला नव्हे, आणि शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी स्वतःच केला होता. बायकोचे कंटाळवाणे टाके पाहून सिंगरने ते बनवले, असे सांगून त्यांनी त्यामागच्या प्रेमाचा गौरव केला. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हाच्या अटींत चरखा हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत चालावा आणि बाईला फारसा शीण न होता सलग आठ तास त्यावर काम करता यावे, असे होते. श्रमाचा एवढा कैवारी असलेली चळवळसुद्धा यंत्राने अंगावर किती ओझे टाकावे याचे माप काढायला बसली होती, आणि मापाला तिने कसलेल्या पुरुषाचा दंड घेतला नव्हता. श्रमाचे मोल मानायचे तर श्रम कशासाठी आहे ते पाहावे लागते. लाकूड मापून कापणे, काप कुठे द्यायचा ते ठरवणे, ओंडके रचणे, साखळीला धार लावणे हे श्रम कामाचे आहेत आणि माणसाला काही शिकवतात. दोरीशी झटणे कोणाला काही शिकवत नाही. गीतेचा सतरावा अध्यायही शरीराला उगाच पिळणाऱ्या तपाची गणना चांगल्या तपात करत नाही.

याहून अवघड आक्षेप तिसरा आहे, आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही, अर्धे आहे. म्हाताऱ्याने स्वतःच कापायचा अट्टहास का? शेजारी आहेत, मजूर आहेत, मुले चार दिवसांची रजा काढून येऊ शकतात. दुसऱ्यावर अवलंबून असण्यात कमीपणा मानणे हीच आधुनिक माणसाची व्याधी आहे. वाकलेल्या वयात मदत मागणे हाही धर्मच. हे खरे आहे, आणि कामाचा एक मोठा भाग असा आहे की तिथे हे म्हणणे निर्विवाद मानावे. उभे झाड पाडणे, शिडीवर चढून कापणे, वादळाने पिळून दुसऱ्या झाडावर ताणून धरलेले खोड सोडवणे, विजेच्या तारेजवळचे काहीही, ही कामे जाणत्या माणसाला बोलावून करावीत, आपला खांदा शाबूत असला तरी. पण जमिनीवर आडव्या पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायलाही दर वेळी माणूस शोधायचा म्हटले की मदतीचे रूप बदलते. मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि देणाऱ्याला हो म्हणायला वेळ नसतो. शिवाय मजुरालाही खांदा असतो. वर्षानुवर्षे चेनसॉ चालवणाऱ्या लाकूडतोड्यांची बोटे कंपनाने पांढरी आणि बधिर होतात, हे वैद्यकाला चांगले माहीत आहे; हलकी सुरुवात आणि कमी कंपन यांची गरज बागमालकाच्या आधी त्याला आहे. परस्परावलंबन चांगले तेव्हाच, जेव्हा त्यातल्या प्रत्येकाला थोडे तरी स्वतः करता येते.

झाडांच्या बाजूने बोलणारे म्हणतील की कापणे जितके सोपे तितकी झाडे धोक्यात. झाडांना राखायला महाराष्ट्रात 1964 पासून वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आहे आणि शहरांसाठी 1975 चा वेगळा. ते कायदे दुबळे पडत असतील तर ते बळकट करावेत. वनाचे रक्षण एखाद्या आजीच्या सांधेदुखीवर सोपवू नये. जंगले ज्यांनी साफ केली त्यांचे दंड भरलेले होते, आणि त्यांना दोरीने कधी अडवले नाही.

राहिला प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांचा. खोक्यावर इंजिन किती सीसीचे, शक्ती किती किलोवॉट, पाते किती लांब, हे आकडे ठळक असतात. दोरी ओढायला किती जोर आणि किती वेग लागतो, सुरक्षेचे बटण दाबायला अंगठ्याने किती भार द्यावा लागतो, पाते, साखळी, तेल आणि बॅटरी धरून हातात प्रत्यक्ष किती वजन येते, हे सहसा एका जागी लिहिलेले नसते, आणि यातली प्रत्येक गोष्ट मोजता येण्याजोगी आहे. ते छापून येईपर्यंत गिऱ्हाईकाने दुकानात संकोच सोडावा. हातमोजे घालून बटण दाबून पाहावे. ब्रेकची पट्टी पुढे-मागे करून पाहावी. मशीन रिकामे न ठेवता तेल आणि बॅटरीसकट दोन्ही हातांत घेऊन कमरेच्या उंचीवर मिनिटभर धरावे. पेट्रोलचे असेल तर थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करायला मागावे, आधी दुकानातल्या पोऱ्याने तापवून ठेवलेले नव्हे. आणि मशीन पुढे शेजारची वहिनी किंवा गड्याचा मुलगाही वापरणार असेल तर त्यांनाही सोबत न्यावे, कारण प्रत्येकाचा अडणारा सांधा वेगळा असतो.